एका स्क्रूचे दोन धनी

सरांची गाडी उभ्या जागी धावत होती. म्हणजे चाकं जागच्या जागी, पण इंजिन असं बोंबलत होतं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन विचारायच्या, "सर, निघालात की आलात?" चौकात सिग्नलला थांबलं की रेस आपोआप चढायची, आणि शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटायचं की सर त्याला शर्यतीचं आव्हान देताहेत. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाने असं करावं हे लोकांना आवडत नसे.

सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यामुळे गाडी बिघडली याचं त्यांना जितकं दुःख झालं, त्याहून जास्त आनंद आता आपण निदान करून दाखवणार याचा झाला. त्यांनी कोरी वही काढली, समास आखला आणि वर लिहिलं : 'आयडलिंगची समस्या', म्हणजे उभ्या गाडीच्या रेसची. खाली दोन ओळी मारल्या. दोन ओळी मारल्याशिवाय सरांचं कुठलंच काम सुरू होत नसे.

"अहो, तीन आठवड्यांनी पोरीची लायसनची टेस्ट आहे," बायको म्हणाली. "ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सांगून ठेवा ना."

"घरात गाडी असताना? जिच्यावर शिकली तिच्यावरच परीक्षा देईल ती."

"ती देईल हो. गाडी देईल का?"

प्रश्न नोकरीचा होता. मुलगी नुकतीच गुरांची डॉक्टर झाली होती. गोठ्यागोठ्यांवर फिरायची नोकरी, पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की पहिल्या तारखेला लायसन घेऊन हजर व्हा. टेस्ट हुकली तर पुढची तारीख महिन्याने, आणि नोकरी तोवर थांबणार नव्हती. सरांना हे सगळं कळत होतं. पण आपली गाडी आपल्याला दुरुस्त करता आली नाही, हे पोरीच्या देखत कबूल करणं त्यांना जड जात होतं.

रविवारी सरांनी बॉनेट उघडलं. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. त्यावर रेस कमीजास्त करायचा एक पितळी स्क्रू होता. सरांनी तो अर्धा आटा बाहेर काढला. इंजिन तसंच बोंबलत राहिलं. एक आटा काढला. दीड काढला. काही फरक नाही. 'स्क्रूचा इंजिनावर परिणाम होत नाही,' त्यांनी वहीत लिहिलं. हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर त्यांनी लाल पेनने शेजारी 'मग कशाचा होतो?' असं विचारलं असतं. स्वतःच्या वहीत मात्र त्यांनी पान उलटलं.

सोमवारी गाडी गॅरेजला नेली. त्यांचा मिस्त्री भलताच स्वच्छ माणूस. गिऱ्हाइकाच्या गाडीत आपले तेलकट बूट लागू नयेत म्हणून तो आधी पायाखालची मॅट बाहेर काढायचा, दोनदा झटकायचा, भिंतीवर उन्हात टाकायचा, खाली वर्तमानपत्र अंथरायचा आणि मगच आत बसायचा. सरांची मॅट तर त्याच्या खास मर्जीतली होती. टाच दुखते म्हणून सरांनी महिन्यापूर्वीच ती आणली होती. चांगली दोन बोटं जाड, मऊ.

"मॅट एक नंबर आहे सर," असं म्हणून मिस्त्रीने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"रेस जास्त आहे म्हणालात ना?"

"आत्ता येताना होती!"

"इथे तर नावालाही नाही. स्क्रू कुणी हलवला?"

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. मिस्त्रीने स्क्रू दीड आटा आत घेतला, आणि गाडी झोपलेल्या मांजरासारखी घुरघुरू लागली. वर्तमानपत्र काढलं, मॅट नीट बसवली, हात पुसले. दोन चौक ओलांडेपर्यंत सर शीळ घालत होते. तिसऱ्या चौकात इंजिनाने पुन्हा गळा काढला.

मग हे रोजचंच झालं. सर घरी स्क्रू बाहेर काढायचे, मिस्त्री गॅरेजात तो आत घ्यायचा. हा माणूस मुद्दाम रेस वाढवून ठेवतो, अशी सरांची खात्री झाली. शाळा सुटल्यावर या माणसाला दुसरा उद्योग नाही, अशी मिस्त्रीची झाली. वहीत आता दोन रकाने होते : 'घर' आणि 'गॅरेज'. सरांनी दोन्हीकडचं तापमान लिहिलं, हवेतला ओलावा लिहिला, पेट्रोल कुठल्या पंपावरचं ते लिहिलं. गॅरेज चढावर आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी एक आख्खी संध्याकाळ उंचीचा आणि हवेच्या दाबाचा हिशोब मांडला. उत्तर दशांश चिन्हानंतर पाच घरांपर्यंत आलं. गाडीला त्याचं काहीच वाटलं नाही.

शेवटी त्यांनी मिस्त्रीलाच घरी बोलावलं. "या आणि इथे ऐका."

इंजिन जोरात ओरडत होतं. मिस्त्री मान डोलावत आला, "आहे हो सर, खरंच आहे!" म्हणाला, दार उघडून सवयीने मॅट ओढून काढली, आणि आवाज जागच्या जागी गप्प झाला. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले.

"पाहिलंत? मी हात लावायच्या आत घाबरली," मिस्त्री म्हणाला.

"तुम्हालाच घाबरते ती," सर हताश होऊन म्हणाले, आणि वहीत तेही लिहिलं.

टेस्टच्या दिवशी सकाळी सरांना अखेर युक्ती सुचली. स्क्रू ऐकत नाही ना? मग अ‍ॅक्सिलरेटरची वायरच ढिली करू! त्यांनी स्क्रू पार बाहेर काढला, वायर जराशी सैल केली, आणि काय आश्चर्य, इंजिन अगदी शहाण्यासारखं चालू लागलं. सरांनी बायकोला खाली बोलावून ऐकवलं. मुलीला ऐकवलं. तिसऱ्या मजल्याकडे बघून मुद्दाम खाकरले. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते म्हणाले, ग्रीस गेलंय.

मैदानावर इन्स्पेक्टर गाडीजवळ आला, वाकून बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "पेडलखाली ही काय गादी घातलीये? काढा आधी." त्याने स्वतःच मॅट ओढली आणि खिडकीतून सरांच्या हातात कोंबली.

इंजिन बंद पडलं.

मुलीने चालू केलं. गिअर टाकेपर्यंत पुन्हा बंद. सर कुंपणाशी मॅट छातीशी धरून उभे होते. वळणावर गाडी बंद पडली, पार्किंगच्या खुणांमध्ये बंद पडली. चढावर बंद पडली तेव्हा सरांच्या डोळ्यांपुढे ते नोकरीचं पत्र उभं राहिलं, आणि आपल्या हट्टापायी पोरीचं नुकसान झालं या विचाराने त्यांनी मॅट आणखी घट्ट आवळली. मुलीने मात्र हँडब्रेक ओढला, शांतपणे किल्ली फिरवली, उजव्या पायाने हलकी रेस धरली आणि गाडी इंचभरही मागे न जाऊ देता वर नेली.

इन्स्पेक्टर उतरून सरांकडे आला. "गाडी तुमची?"

"हो."

"हे आयडलिंग कुणी लावलं?"

"घरीच लावलं," सर पुटपुटले.

"तरीच." त्याने कागदावर सही केली. "गाडी नापास. मुलगी पास. पाच वेळा बंद पडली, पण पोरगी एकदाही गडबडली नाही. भलती सहनशक्ती आहे हो."

"घरूनच आलीये, साहेब," मुलगी म्हणाली.

गर्दी पांगल्यावर सरांनी मॅट पुन्हा आत ठेवली आणि टाचेने पुढे सरकवली. अ‍ॅक्सिलरेटर अलगद बोटभर दबला. मॅट मागे ओढली. पेडल वर आलं. पुढे. मागे. हा प्रयोग त्यांनी सात वेळा केला. मुलगी दाराशी उभी राहून बघत होती.

"वही आणू का, बाबा?"

"नको," सर म्हणाले. त्यांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ते मिस्त्रीकडे गेले आणि सगळं कबूल केलं. मिस्त्री हळूच म्हणाला, "सर, तेरा वेळा मी ती माझ्या हाताने काढली. तेरा वेळा माझ्याच हाताने घातली." त्याने आजूबाजूला बघून घेतलं. "गिऱ्हाइकांना सांगू नका."

"तुम्ही शाळेत सांगू नका."

मुलगी पहिल्या तारखेला नोकरीवर रुजू झाली. मॅट एवढी चांगली, टाकवेना. म्हणून सरांनी ती घरातच, दाराच्या आतल्या बाजूला घातली. चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, दार धड उघडत नाहीये. जोर लावावा लागतो."

सरांनी तिन्ही बिजागऱ्यांना तेल घातलं. मग कडी तपासली. मग दमट हवेने लाकूड फुगलं असावं असं वाटून चौकट वरपासून खालपर्यंत फूटपट्टीने मोजली. संध्याकाळी मुलगी कामावरून परत आली आणि दार ढकलून जेमतेम आत शिरली. समोर सर मॅटवर गुडघे टेकून बसले होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर, शेजारी कोरी वही. वहीवर ठळक अक्षरांत 'दाराची समस्या' लिहिलेलं होतं, आणि सर त्याखाली दुसरी ओळ मारत होते.