तांबेंचा रिकामा रकाना

तांबेंना 'सुमारे' हा शब्द सहन होत नसे. "सुमारे चारला चहा घेऊ," म्हटलं, तरी ते विचारायचे, "म्हणजे कितीला, साहेब?"

रत्नागिरीच्या आमच्या सरकारी कचेरीत तांबे सांख्यिकी सहायक आणि मी, दुर्दैवानं, त्यांचा वरिष्ठ. अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनांचे तक्ते आम्ही मुंबईला पाठवायचो. कॉम्प्युटर नुकता आला होता. तांबे चपला काढून त्याच्यासमोर बसत आणि त्यानं केलेली प्रत्येक बेरीज कागदावर तपासून बघत. अहवाल अर्थातच दर वेळी उशिरा जाई.

एकदा तर कहर झाला. अहवाल संध्याकाळपर्यंत जायचा होता आणि मंडणगडकडच्या एका वाडीतल्या अकरा मुलांचा रकाना रिकामा.

"मागच्या महिन्याची वजनं घाला," मी म्हटलं.

"मुलं वाढली असतील ना, साहेब."

"मग थोडी वाढवून घाला."

"कोणाचं किती वाढवू, तेवढं लिहून द्या."

मी कशाला लिहून देतोय? अहवाल अडकला. वरून फोनवर मी अर्धा तास बोलणी खाल्ली. समोर तांबे शांतपणे डबा खात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना रागानंच जीपमध्ये बसवलं. वाट चार तासांची होती.

वाडीत पोचलो तर अंगणवाडीचा काटा मोडलेला. तांबेंनी पिशवीतून दुसरा काढला आणि फणसाच्या फांदीला टांगला. झोळीत घातलं की पोरं रडत. ऑफिसात कोणाशी धड न बोलणारा हा माणूस त्यांना मांजराचे आवाज काढून दाखवत होता.

दहा मुलं झाली. अकरावी मुलगी घरीच होती. "तिला नको साहेब, तीन दिस ताप हाय," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या.

तांबे तिच्या घरी गेले आणि तिला खांद्यावर घेऊनच बाहेर आले. मागून तिची आई.

"वजन?" मी सवयीनं विचारलं.

"आधी दवाखाना," तांबे म्हणाले आणि मला न विचारता जीपमध्ये जाऊन बसले.

डॉक्टरांनी मुलीला लगेच सलाईन लावलं. घरी तान्हं मूल असल्यानं आईला संध्याकाळी वाडीवर परतावं लागलं. तांबे म्हणाले, "तुम्हीही निघा, साहेब. मी थांबतो. माझी घरी कोण वाट बघतंय?"

इतक्या वर्षांत मी त्यांना घरचं कधी विचारलंच नव्हतं.

मुलगी बरी झाली, तेव्हा चौथ्या दिवशी ते कामावर आले. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'मुलीजवळ बसलो होतो.'

हेडक्लार्क अर्ज घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, तांबेंना मुलगी कुठाय? एकटाच तर माणूस. कारण बदलून आणायला सांगू?"

"राहू दे," मी म्हटलं. "बरोबर आहे ते."