चौदा मिलिमीटर

घरातली फरशी बदलायचा बेत काटेसाहेबांनी आलेखाच्या कागदावर आखायला घेतला, तेव्हाच त्यांच्या बायकोने ओळखलं, की आता काही खरं नाही.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासायच्या खात्यात ते निरीक्षक होते. दुकानदाराच्या काट्यात दोन ग्रॅमचा फरक निघाला तरी जागच्या जागी सील ठोकायचे, म्हणून बाजाराने हे नाव बहाल केलं होतं. घरात ते फक्त बायको वापरायची, तेही एका ठरावीक सुरात.

फरशीचं कारण होतं आई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती काटेसाहेबांच्या थोरल्या बहिणीकडे होती आणि ताईने ठणकावून सांगितलं होतं, "तुझ्या घरातल्या लाद्या हलतात. वॉकर अडकला की आई तोंडावर. रविवारी फिजिओथेरपिस्ट बाईंना घेऊन येते. त्या हो म्हणाल्या तर आई तुझ्याकडे, नाहीतर कायमची माझ्याकडे."

इकडे आई रोज दुपारी दबक्या आवाजात फोन करायची. "लवकर आटप रे बाबा. ही मला आठ वाजता झोपवते. आणि झोपले का ते बघायला नऊला उठवते."

मिस्त्रींनी घर पाहिलं. जुनी फरशी फोडणं, राडारोडा उचलणं, खालचा थर नव्याने घालणं, असं सगळं धरून त्यांनी एक आकडा सांगितला. काटेसाहेब खुर्चीत बसले.

"नाहीतर असं करू," मिस्त्री दयाळूपणे म्हणाले, "हलणाऱ्या लाद्या पक्क्या करू आणि जुन्यावरच नवीन टाइल चिकटवू. पाच मिलिमीटर मसाला, नऊ मिलिमीटर टाइल. निम्म्यात काम होईल. फक्त घर चौदा मिलिमीटर वर येईल."

"चौदा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही," काटेसाहेब म्हणाले. दोन ग्रॅमसाठी दुकानं बंद पाडणारा माणूस किती मोठ्या मनाचा असू शकतो, हे त्या दिवशी बायकोने पाहिलं.

मग नकाशा झाला. पलंग, कपाट, फ्रिज यांचे पुठ्ठ्याचे तुकडे मापात कापून काटेसाहेबांनी ते कागदावर सरकवून पाहिले. कुठली वस्तू कधी कुठे हलेल, दार उघडताना किती जागा घेईल, सगळं आखलं. मिस्त्रींनी एकदा विचारलंही, "साहेब, दारांचं कसं?"

"ती आखलीत," साहेब म्हणाले. विषय संपला.

पहिली आईची खोली झाली. ती मध्ये खोलगट निघाली, म्हणून मसाला जास्त लागला आणि चौदाचे बावीस मिलिमीटर झाले. दोन दिवसांनी कपाट परत आत नेलं, तर ते माळ्याखालच्या आपल्या जागी शिरेना. वरच्या बाजूला बारा मिलिमीटर आडवे येत होते.

"इतकी वर्षं इथेच तर बसत होतं," काटेसाहेब कपाटाकडे संशयाने बघत म्हणाले.

"अहो, कपाट होतं तेवढंच आहे. जमीन वर आलीय."

"पण कागदावर बसत होतं!"

"कागदावर उंची दाखवा ना कुठेय ती," बायको म्हणाली.

काटेसाहेबांनी कागद उलटापालटा करून पाहिला. लांबी होती, रुंदी होती. उंची ही गोष्ट जगात असते, हे विज्ञानाच्या पदवीधराला कपाटाने सांगावं लागलं.

सुतार आला. त्याने कपाटाचे पाय कापले. मग आईच्या खोलीचं दार. बावीस मिलिमीटर कापायला सांगितलं होतं, त्याने पन्नास कापलं. "हवा खेळती राहील," तो म्हणाला, आणि पैसे घेऊन इतक्या लगबगीने गेला, की बाकीच्या दारांचं विचारायचं राहूनच गेलं.

हॉलमध्ये चौदावरच काम भागलं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर भिंतीतली फळी होती आणि मध्ये जेमतेम नऊ मिलिमीटर जागा. फ्रिजचे पाय कापायला सुतारही तयार झाला नसता, तेव्हा ते तसंच सोडलं. आईच्या खोलीला लागून असलेलं बाथरूमही तसंच. परिणामी हॉलमधून आईच्या खोलीत जाताना आठ मिलिमीटर चढ, स्वयंपाकघरात शिरताना चौदाचा उतार आणि बाथरूमच्या दारात बावीसचा खड्डा.

"आपण सपाट करायला निघालो होतो ना?" बायकोने विचारलं.

"प्रत्येक खोली आपापल्या परीने सपाटच आहे."

शनिवारी पुढचं दार लावून घेऊन मिस्त्रींनी त्याच्यालगतची शेवटची ओळ बसवली. मसाला सुकेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नव्हता, म्हणून सगळे स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ये-जा करत होते. तिथे चार उंच पायऱ्या होत्या.

रविवारी मिस्त्री टाइलच्या फटी भरत असतानाच बेल वाजली. काटेसाहेबांनी कडी काढली आणि दार ओढलं. दार हललं नाही. ते आत उघडत होतं आणि आतली जमीन आता त्याच्या खालच्या कडेच्या वर आली होती.

"अरे, दार उघड," बाहेरून ताई.

"उघडतोय."

"किल्ली हरवली का?"

"किल्ली आहे गं. फरशी आडवी येतेय."

मग ताईचा आवाज, "बघितलंत बाई? म्हणूनच तुम्हाला आणलं. आई, चल परत."

"मी नाही हलत," आईचा आवाज. "मला दम लागलाय."

मिस्त्रींनी बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या. काटेसाहेबांनी दार वरून आत ओढलं, तिरकं करून उचललं आणि ते छातीशी धरून उभे राहिले. अशा रीतीने आईचं स्वागत झालं.

आईला हॉलमध्ये थांबवून बाई घरभर फिरल्या. आईच्या खोलीच्या दारात थांबल्या. स्वयंपाकघराच्या दारात वाकून पाहिलं. बाथरूमपाशी तर त्यांनी चष्मा लावला, मग हॉलमध्ये परत आल्या.

"हे सगळीकडे वर-खाली का आहे?"

ताईने पर्स खांद्याला लावली. दारामागे काटेसाहेबांचं फक्त कपाळ दिसत होतं, त्यावर घाम. त्यांनी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"मीच सांगून करून घेतलंय."

"तुम्ही?"

"पाय उचलायचा सराव नको का? सपाट जमिनीवर मी नुसती घसटत चालते, तुम्हीच ओरडता ना मला? म्हणून आधी आठ, मग चौदा, मग बावीस." हे आकडे फोनवर मुलाच्या रडगाण्यात तिने रोज ऐकले होते. तिने आपल्या खोलीच्या दारात वॉकर उचलला, पाय उचलला आणि आठ मिलिमीटर सर केले.

बाई बघत राहिल्या. "कल्पना चांगली आहे हो," त्या सावकाश म्हणाल्या. "कडांना रंगीत पट्ट्या लावा आणि बाथरूमच्या दारात धरायला दांडा. मग राहू द्या इथे."

ताईने पर्स खाली ठेवली. "बाई, मग माझ्याकडेही करून घेऊ का?"

"साहेबांना विचारा. माप त्यांचं आहे," बायको म्हणाली. काटेसाहेबांनी दार थोडं वर उचलून चेहरा झाकला.

"पण एक," बाई निघताना म्हणाल्या. "रोज सकाळी वीस फेऱ्या. आणि सोबत मुलाने चालायचं, प्रत्येक उंबऱ्यावर पाय उचलून दाखवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आईने काटेसाहेबांना उठवलं. तिसऱ्या फेरीत त्यांचा अंगठा चौदा मिलिमीटरवर असा काही आपटला, की ते तिथेच पाय धरून बसले.

आई वॉकरसह सहज पलीकडे गेली आणि वळून म्हणाली, "ऊठ. अजून सतरा राहिल्यात."