शांततेची चौकशी

आपल्या माणसाला विश्रांती मिळावी अशी इच्छा धरणे हे पुण्यकर्म होय, याविषयी दुमत नसावे. परंतु ती विश्रांती मिळणारच याची आगाऊ खातरजमा करीत सुटणे हेही पुण्यकर्मात मोडते काय, या प्रश्नावर शास्त्रकारांनी मौन स्वीकारले आहे. विमा कंपनीतील एका तपासनीस साहेबांनीही ते वेळेवर स्वीकारले असते, तर ही कथा सांगण्याचे कारण उरले नसते.

साहेब स्वभावाने सज्जन. कुणाच्या घरात पाणी शिरले, कुणाच्या दुकानाला आग लागली, की तेथे जाऊन "धूर आधी कुणी पाहिला?", "दार उघडं होतं की लोटलेलं?" असे विचारीत फिरणे हा त्यांचा व्यवसाय, आणि इतक्या वर्षांनंतर व्यवसाय कोठे संपतो व स्वभाव कोठे सुरू होतो, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. त्यांच्या पत्नी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीशी बसत. सकाळी खिडकीची फळी वर गेली की त्या "बोला" म्हणत, आणि संध्याकाळी फळी खाली येईपर्यंत लोक बोलत. घरी आल्यावर कधी कधी त्या नळाच्या धारेकडेही अशा नजरेने पाहत, जणू तीही काही गाऱ्हाणे घेऊन आली आहे.

एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "मला सुट्टी हवीय. तळ्याकाठचं ते लहानसं गाव आहे ना, तिथे जाऊ. थोडे दिवस मला कुणी काहीही सांगायचं नाही."

"जाऊ की! मी जरा चौकशी करतो—"

"अहो, नाही. चौकशी नाही. मागच्या सुट्टीत तुम्ही हॉटेलवाल्याला टाकीतल्या पाण्याबद्दल इतकं विचारलंत, की त्यानं आपल्याला हाताला धरून गच्चीवर नेलं. अख्खी सुट्टी टाक्या बघण्यात गेली."

"एकच टाकी होती."

"तीच परत परत बघितली. या वेळी तसलं काही झालं ना, तर पुढची प्रत्येक सुट्टी मी ताईकडे काढणार. एकटी. तुम्ही बसा इथे चौकश्या करत."

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर साहेबांना काही वाटले नसते. परंतु तक्रार नोंदवून घेताना ज्या स्वरात त्या बोलत, त्याच शांत, शिक्का मारल्यासारख्या स्वरात हे वाक्य आले, आणि साहेबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

त्यांनी चौकशी न करण्याचा निश्चय केला. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मग त्यांच्या मनात आले, की गाव शांत नसलेच तर? तर दोष पुन्हा आपल्याच माथी. एखादा फोन म्हणजे काही चौकशी नव्हे. असा विचार करून ते कचेरीच्या जिन्यात जाऊन उभे राहिले. तळ्याकाठी खोल्या भाड्याने देणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. सारे गाव त्यांना मावशी म्हणे. फोन मावशींनीच उचलला.

"तुमचं गाव शांत आहे ना हो?"

"शांत म्हणजे काय, साहेब! इथे काही घडतच नाही."

"आत्ता, या क्षणी, तुम्हाला काय ऐकू येतंय?"

"तुम्ही."

"मी सोडून हो!"

"बाकी काय... काहीच नाही. आता कसं सांगू तुम्हाला?"

"असं करा मावशी, फोन जरा खिडकीबाहेर धरा."

मावशींनी आयुष्यात पुष्कळ पाहुणे पाहिले होते, परंतु शांतता नमुन्यादाखल मागणारा हा पहिलाच. त्यांनी फोन बाहेर धरला. साहेबांनी डोळे मिटून कान दिला. वाऱ्याची सळसळ आली, पाण्याची चुळबुळ आली, आणि तिच्यामागून, दुरून, एक आवाज आला. ठक. ठकठक. ठक.

त्या ठकठकीने साहेबांची झोप उडवली. लोखंड लाकडावर पडत होते, की लाकूड लाकडावर? नेमाने पडत होते, की मर्जीने? दुसऱ्या दिवशी जळालेल्या एका गोदामाच्या दारात उभे असताना त्यांनी मालकाला दोनदा विचारले, "आणि ठकठक कुठून येत होती?" अखेर ते पुन्हा जिन्यात गेले.

"ती होय? आमचे मिस्त्री," मावशी म्हणाल्या. "होड्या बांधतात. एका जुन्या होडीच्या फळ्या बदलतायत."

"कधी संपेल?"

"थांबा, विचारते." आणि मावशींनी फोन हातात धरूनच खिडकीतून हाक घातली, "अहो मिस्त्री! शहरातले साहेब विचारतायत, तुमचं हे कधी संपायचं?"

दुरून उत्तर आले, "कोण साहेब? माझं काय चुकलं?"

"नाही नाही, तसं नाही! मी आपलं सहज विचारलं!" साहेब जिन्यात ओरडले. पण ठकठक तोवर थांबली होती. विचारणाऱ्याचा हेतू केवळ जाणून घेण्याचा असला, तरी ऐकणाऱ्याला त्यात आक्षेपच दिसतो. हे तपासनीसाला कुणी शिकवीत नाही.

मग रोजच मावशींचा हात खिडकीबाहेर जाऊ लागला. साहेबांना एक कुत्रा भेटला, जो दोनदा भुंकून विचारात पडल्यासारखा थांबे आणि तिसऱ्यांदा भुंके. पलीकडच्या तीरावर माणसे नेणाऱ्या नावाड्याचा भोंगा भेटला. तो वाजण्याआधी नावाडी खाकरे, हेही साहेबांना कळले. पोरांचा गलका भेटला. प्रत्येकाविषयी त्यांनी विचारले: कुत्रा कुणाचा, भोंगा कशाचा, पोरे शाळेत का जात नाहीत. न पाहिलेल्या त्या गावाची त्यांना अशी गोडी लागली, की आपण हे कशासाठी विचारू लागलो होतो याचाच त्यांना विसर पडला.

मावशींना मात्र तोच प्रश्न पडला होता. "साहेब, राग मानू नका, पण तुम्ही एवढं खोदून खोदून का विचारता?"

साहेबांनी जिन्यात वरखाली पाहून घेतले. मग खरे ते बोलले. "मावशी, माझी बायको दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकते. कान थकलेत हो तिचे. तिला निवांत झोप लागावी, एवढंच. आणि तुमच्या पाया पडतो, मी फोन करत होतो हे तिला कळू देऊ नका."

"असं होय," मावशी मऊ आवाजात म्हणाल्या. "आधी नाही का सांगायचं! तुम्ही या. सगळी सोय होईल."

"कसली सोय?"

परंतु मावशींनी फोन ठेवला होता.

साहेबांचे ते वाक्य मावशींच्या ओट्यावरून निघाले तेव्हा त्यात बाईंचे कान केवळ थकलेले होते. मिस्त्रींच्या अंगणात पोचेपर्यंत ते दुखू लागले, आणि घाटावर उतरले तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. गावाने एकमेकांकडे पाहिले, आणि कुणी न सांगता साऱ्यांनी ठरवले, की त्या माउलीला इथे तरी आवाजाचा त्रास होऊ द्यायचा नाही.

दोघे तेथे उतरली, तेव्हा मावशी अनवाणी सामोऱ्या आल्या आणि ओठांवर बोट ठेवून हसल्या. खोलीच्या बिजागऱ्यांना तेल पाजले होते. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. चहाबरोबर लाकडी चमचा आला, कपाला लागून किणकिणू नये म्हणून. जोडे मावशींनी दारातच काढून घेतले.

"किती शांत आहे हो!" पत्नी म्हणाल्या, आणि त्यांनी साहेबांकडे असे पाहिले, की ताईचे घर एकदम फार दूर गेले.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी परत जवळ आले.

पत्नी फिरायला निघाल्या, तर वाटेतल्या बायका बाजूला सरल्या, हात जोडून हळहळल्या आणि त्यांची पाठ वळताच कुजबुजल्या. दुकानदाराने सुटे पैसे परत दिले तेही रुमालात गुंडाळून. खिडकीखाली मावशी आणि शेजारीण एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या.

"अहो, काय बोलतायत त्या?"

"कुठे काय? मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर! माझ्या खिडकीशी माणूस ओरडायला लागला ना, की मी नुसती मान हलवते, लक्षसुद्धा जात नाही. पण कुणी हळू बोललं, की माझं पेन थांबतं. हळू बोलणाऱ्याचंच काहीतरी खरं दुखत असतं. आणि इथे तर अख्खं गाव हळू बोलतंय! काय झालंय काय यांना?"

"मी जरा विचारून—"

"विचारू नका!"

दुपारपर्यंत त्या खिडकीशी, मग दाराशी, मग भिंतीशी कान लावून बसल्या होत्या. कचेरीतही त्यांचा चेहरा इतका उतरत नसे. साहेबांना डोळ्यांपुढे येणाऱ्या साऱ्या सुट्ट्या दिसल्या: रिकामी खुर्ची, एकाच माणसाचा चहा, आणि चौकशी करायला कुणी नाही. त्या काळजीतच त्यांना डुलकी लागली. जागे झाले, तर खोलीत पत्नी नव्हत्या.

अंगणात नव्हत्या, ओट्यावर नव्हत्या. साहेब अनवाणीच रस्त्यावर आले आणि त्यांनी हाक मारली, "अगंऽ!"

दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. "शूऽऽ!"

"अहो, पण माझी बायको—"

"हळू, साहेब! त्यांनाच त्रास होईल ना!"

आपणच मागितलेल्या शांततेत साहेबांना आता आपलीच बायको हाकेने शोधता येईना. त्यांनी दुकानदाराला खुणेने विचारले. दुकानदाराने पदर सावरल्यासारखे केले, दोन बोटे चालवून दाखवली आणि हात पाण्याच्या दिशेने केला. साहेबांच्या काळजाचे पाणी झाले. ते घाटाकडे धावत सुटले. तेही चवड्यांवर, कारण खिडक्या अजून उघड्या होत्या.

घाटावर नावाडी बसला होता. त्याच्या वल्ह्यांना पंचे गुंडाळलेले होते.

"बाई?" साहेबांनी धापा टाकीत विचारले.

"पलीकडे सोडल्या मघाशी," नावाडी कुजबुजला. "मीच तर सोडल्या."

"पलीकडे काय आहे?"

"तुम्हाला नको होतं ते सगळं."

पंच्यांची वल्ही पाण्याचा आवाज करीत नव्हती, आणि नावही फारशी पुढे नेत नव्हती. तळ्याच्या मध्यावर आल्यावर साहेबांनी कान टवकारले. ठक. ठकठक. मग भुंकणे: दोनदा, थोडा विचार, पुन्हा एकदा. मग कुणीतरी खाकरले आणि भोंगा वाजला.

"तुम्ही इथे, मग भोंगा कोण वाजवतंय?" साहेबांना राहवले नाही.

"मेव्हणा. तोही खाकरतो," नावाडी म्हणाला. "आमच्या घरात सगळेच."

पैलतीरावर गावाचा सारा आवाज आणून ठेवला होता. मिस्त्री पालथ्या होडीवर हातोडा चालवीत होते, कुत्रा खुंट्याशी बांधला होता, पोरे एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, होडीच्या सावलीत, गोणपाटांच्या ढिगावर साहेबांच्या पत्नी गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडे होते. कपाळावरची ती नेहमीची आठी कोठेच दिसत नव्हती.

"आल्या, बसू का म्हणाल्या, मी म्हटलं बसा," मिस्त्रींनी सांगितले. "त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही. थोड्या वेळानं बघतो तर ही अशी झोप." आणि मग त्यांना एकाएकी आठवले, की समोर कोण उभे आहे. "अरे, साहेब आलेत! बंद करा रे!"

हातोडा हवेत थांबला. मेव्हण्याने भोंगा पाठीमागे लपवला. पोरांनी कुत्र्याचे तोंड धरले. तीरावर निःशब्द शांतता पसरली, आणि पत्नी ताडकन उठून बसल्या. डोळे मिटलेलेच होते.

"बोला," त्या म्हणाल्या.

साऱ्या तीराने साहेबांकडे पाहिले.

"ठोका!" साहेब ओरडले. "मिस्त्री, ठोका हो! थांबलात कशाला?"

"पण बाईंचे कान—"

"कानांचं मी बघतो! पोरांनो, ओरडा! त्या कुत्र्याला सोडा आधी!"

ठक. ठकठक. पत्नींनी हळूच अंग टेकले. "इथे मला कुणी काही सांगत नाही," त्या कुणालाही उद्देशून नसल्यासारखे पुटपुटल्या आणि कुशीवर वळल्या.

मिस्त्री मात्र अस्वस्थ होते. हातोडा चालवता चालवताच ते वाकून म्हणाले, "साहेब, एक विचारू? मग तुम्ही तो रोज फोन कशासाठी करत होता?"

"कसला फोन?" गोणपाटावरून, मिटल्या डोळ्यांनी प्रश्न आला.

साहेबांचा सारा जन्म प्रश्न विचारण्यात गेला होता. उत्तर देण्याचा सराव त्यांना नव्हता. त्यांनी मेव्हण्याच्या हातून भोंगा ओढून घेतला आणि सर्व बळ एकवटून फुंकला. प्रथम नुसती हवा आली. दुसऱ्या फुंकीला असा नाद उठला, की काठचे बगळे उडाले आणि पैलाडच्या गावातल्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. श्वास संपेपर्यंत ते फुंकत राहिले. मग त्यांनी वळून पाहिले. पत्नींचा श्वास संथ चालला होता. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होते. ते झोपेचे होते की हसण्याचे, याची चौकशी त्यांनी केली नाही.

थकलेल्यांना अशीच निद्रा लाभो. त्यांच्यासाठी झटताना चुकणाऱ्यांना क्षमा लाभो. आणि अनोळखी पाहुणीसाठी आपला आवाज पाण्यापलीकडे वाहून नेणाऱ्या त्या गावाचे दोन्ही तीरांवर कल्याण असो.