कमल सिस्टरचे बुवा

पडेगावच्या आमच्या कॉलनीत बरेच दिवस असा समज होता, की कमल सिस्टरच्या घरी कुणीतरी बुवा उतरलेत. याला कारण सिस्टरच होत्या. दारातून हाक मारली की आतून उत्तर यायचं, "हळू बोला, बुवा आराम करायलेत." भाजीच्या गाडीपाशी उभ्या असल्या तर मधेच म्हणायच्या, "चला, बुवांचं पाणी बदलायचंय." शेवटी एका गुरुवारी मागच्या गल्लीतल्या दोन बायका नारळ, हार आणि पेढे घेऊन दर्शनाला आल्या. सिस्टरनी त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, साबणानं हात धुवायला लावले आणि हॉलमधल्या काचेच्या पेटीपुढं नेऊन उभं केलं. आत सहा फुटांचा, मनगटापेक्षा जाड, तपकिरी पट्ट्यांचा साप वेटोळं घालून पडला होता.

"हे आमचे बुवा," सिस्टर म्हणाल्या.

नारळ तिथंच फुटला.

बुवा मूळचे सिस्टरच्या पुण्यातल्या भाच्याचे. परदेशी जातीचा, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंद झालेला बोआ. भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा नवरीनं सांगितलं, घरात तो तरी राहील नाहीतर मी तरी. भाच्यानं विचार करायला दोन दिवस मागितले, तिथंच प्रकरण चिघळलं. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आण इकडं. तीस वर्षं जनरल वॉर्ड सांभाळलाय मी. एक पेशंट काय जड हाये?" अशा रीतीनं कागदपत्रं सिस्टरच्या नावावर झाली आणि बुवा आमच्या शेजारी राहायला आले. भाच्यानं फोनवर सांगितलेलं 'बोआ' त्यांनी 'बुवा' ऐकलं होतं. पुढं चूक कळली, पण त्यांनी ती दुरुस्त केली नाही. "बोआ काय नाव हाये का?" म्हणाल्या. "कुणीतरी ओकल्यासारखं वाटतं."

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, त्यामुळं नोंदी ठेवण्यात मला कुणी हरवणार नाही असा माझा समज होता. सिस्टरनी तो मोडला. काचेच्या पेटीवर त्यांनी वॉर्डात लावतात तसा तक्ता टांगला होता. तारीख, तापमान, वजन, शी झाली का, कात टाकली का आणि जेवण. वजन तान्ह्या बाळांच्या झोळीच्या काट्यावर व्हायचं. बुवांना उशीच्या अभ्र्यात घालून काट्याला टांगायचे. मी एकदा तिथं असताना त्या अभ्र्याला म्हणाल्या, "अंग सैल सोडा. दोनच मिनिटं."

बुवांचं जेवण म्हणजे तीन आठवड्यांतून एक उंदीर. तोही जिवंत नाही. सिस्टर स्वतः अंड्यालाही न शिवणाऱ्या, पण या बाबतीत पक्क्या होत्या. "जिवंत उंदीर चावतो, भाऊ. पेशंटच्या तोंडाला जखम झाली तर जबाबदार कोण? आन उंदराचे तरी हाल कशाला?" बर्फात गोठवलेले पांढरे उंदीर पुण्याहून थर्मोकोलच्या पेटीत यायचे. त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रिज होता. आदल्या दिवशी उंदीर खालच्या कप्प्यात ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायचा, अंगासारखा कोमट झाला की पुसून कोरडा करायचा. पोटात गार राहिला तर बुवा उलटी करतात. आणि आकार बुवांच्या पोटाच्या घेराएवढाच, त्याहून मोठा नाही. "पाहुणचार म्हणून मोठा घास द्यायचा नसतो," हे त्या अशा आवाजात सांगायच्या की मी घरी येऊन माझ्याच ताटातली एक पोळी कमी केली.

एकदा तो छोटा फ्रिज बंद पडला. सिस्टरनी तीन पिशव्यांत गुंडाळलेला, चिकटपट्टी लावलेला डबा दोन दिवसांसाठी आमच्या फ्रीजरमध्ये ठेवायला दिला. मी सविताला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचं विसरलो. डब्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'बुवांचा डबा'. सापालाही डबा असतो हे सविताच्या डोक्यातच आलं नाही; तिला वाटलं, सिस्टरनी गावाकडच्या कुठल्या बुवांचा प्रसाद ठेवलाय. तिनं आधी हात जोडले, मग डबा उघडला. त्यानंतर आमचा फ्रीजर तीनदा धुतला गेला आणि सविता माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

सुरुवातीच्या दिवसांत सिस्टर हातानंच भरवायच्या. मग एका संध्याकाळी मला फोन आला. आवाज अगदी शांत.

"भाऊ, जरा येता का? घाई नाय. माझा अंगठा बुवांच्या तोंडात हाये."

मी धावलो. सिस्टर खुर्चीवर ताठ बसलेल्या, उजव्या हाताचा अंगठा बुवांच्या जबड्यात, बाकीचे बुवा कोपरापर्यंत गुंडाळलेले. मी ओढायला पुढं झालो तर ओरडल्या, "हात लावू नका! दात मागं वळलेले असतेत, ओढलं तर माझं कातडं जाईल आन त्यांचे दात. कपाटातलं स्पिरिट घ्या, बोळा भिजवा, तोंडाजवळ धरा. नाकात घालू नका!" मी बोळा भिजवून धरला. बुवांनी तोंड वाकडं केलं आणि अंगठा सोडला. सिस्टरनी शेपटीकडून एकेक वेढा सोडवला, बुवांना पेटीत ठेवून झाकण लावलं, अंगठा साबणानं धुतला, औषध लावलं, आणि डाव्या हातानं तक्त्यावर लिहिलं, 'चावा. कारण : हाताला उंदराचा वास. चूक : स्टाफची.'

तेव्हापासून हातभर लांबीचा चिमटा आला. हात धुतल्याशिवाय पेटी उघडायची नाही, जेवणानंतर दोन दिवस बुवांना उचलायचं नाही, आणि भरवताना घरात दुसरं कुणीतरी पाहिजेच. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी.

मग डिसेंबर आला आणि बुवांनी जेवण सोडलं.

पहिल्यांदा सिस्टर हसल्या. "पेशंटची मर्जी." तीन दिवसांनी पुन्हा उंदीर कोमट केला. बुवांनी जीभ बाहेर काढली, वास घेतला आणि मान फिरवली. मग रोजच सुरू झालं. उंदीर डोक्याकडून दाखव, शेपटीकडून दाखव, चिमट्यानं हलवून दाखव. लहान उंदीर मागवला, मोठा मागवला. गल्लीतल्या बायका आता धीट झाल्या होत्या. त्याही काचेला नाक लावून सल्ले द्यायच्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली. सिस्टरनी दृष्टही काढली. तक्त्यावर 'जेवण' या रकान्यात ओळीनं 'नाय, नाय, नाय' होतं.

सहा आठवडे झाले. सिस्टरचा चेहरा उतरला. मी दिसलो की त्या पूर्वी "जेवलात का?" म्हणायच्या, आता नुसत्याच बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तोंड उघडून धरा, मी नळीनं घालते. वॉर्डात लई जणांना घातलंय." त्यांच्या हातात खरोखर नळी होती. मी कसंबसं त्यांना आधी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावायला लावलं. ते सापांचे डॉक्टर, भाच्याच्या ओळखीचे.

डॉक्टरांनी आधी वजन विचारलं. तक्त्यात बघितलं तर वजन जवळपास तेवढंच होतं. मग तापमान. सिस्टरनी सांगितलं, बत्तीस. डॉक्टर म्हणाले, थर्मामीटर कुठं ठेवलाय? तो उबेसाठी लावलेल्या दिव्याच्या अगदी खाली टांगलेला. बुवा झोपायचे तिथं ठेवून बघितलं तर तेवीस. थंडीचे दिवस, फरशी गार. खालून ऊब देणारी गादी कधीचीच बंद पडली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि डोळे कसे दिसतात?" डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टर वाकल्या. "निळसर. धुरकट."

"कात टाकणार आहे तो. आत्ता त्याला नीट दिसतसुद्धा नाही. आणि लपायला जागा आहे का?"

जागा नव्हती. दर्शनाला अडचण नको म्हणून सिस्टरनी लपायचं खोकं काढून टाकलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, नळी ठेवून द्या. गादी बदला, खोकं ठेवा, तीन बाजूंनी कापड लावा, पाहुणे बंद. "आणि सिस्टर, कात टाकेपर्यंत आणि त्यानंतरही आठवडाभर उंदीर दाखवायचा नाही. विचारायचंच नाही."

"विचारायचं बी नाय?"

"नाही. वजन घटायला लागलं तर मात्र लगेच इकडं घेऊन या."

सिस्टरनी हे सगळं तंतोतंत केलं. दारावर पाटी लागली, 'भेटण्याची वेळ नाही'. पण न विचारणं त्यांना फार जड गेलं. त्या पेटीपाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि तोंडातून शब्द निसटू नये म्हणून विणकाम करायच्या. त्या जानेवारीत आमच्या घरात तीन स्वेटर आले. सविता विरघळली.

बुवांनी कात टाकली. अखंड, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट. आणखी आठ दिवस गेले. मग एका संध्याकाळी सिस्टरनी मला बोलावलं. उंदीर कोमट केलेला, पुसलेला, चिमट्यात धरलेला. खोक्यातून डोकं बाहेर आलं. जीभ. पुन्हा जीभ. फट्! उंदीर चिमट्यातून गेला, बुवांनी त्याला वेढे घातले, आणि थोड्या वेळानं डोक्याकडून सावकाश गिळायला लागले.

सिस्टरनी पेटीपुढचं कापड खाली सोडलं आणि माझ्यासमोर खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आनंदानं काही बोलतील. त्यांनी चिमटा पुसायला घेतला.

"आमच्या मास्तरांनी शेवटी दीड महिना जेवण सोडलं होतं," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. मी त्यांना बघितलं नव्हतं. आम्ही इथं राहायला येण्याआधीच ते गेले.

"मी लई भांडले त्यांच्याशी. पेज केली, खिमट केलं, फळांचा रस केला. वॉर्डात माझ्या हातचा घास कुणी परत पाठवला नाय, आन घरातला माणूस तोंड मिटून बसतो म्हणजे काय! नाक दाबून घातलंय मी, भाऊ. एक दिवस मला म्हणाले, कमल, बस जरा. मी म्हणलं, वाटी संपवा, मग बसते. दुसऱ्या दिवशी बी तेच. बस जरा. वाटी संपवा."

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"वाटी संपली नाय. मी बी बसले नाय."

कापडामागं काहीतरी हलल्याचा बारीक आवाज झाला. सिस्टरनी तिकडं बघितलं नाही. घरी ताटं वाढली असतील म्हणून मी उठलो.

"बसा की, भाऊ," सिस्टर म्हणाल्या.

"काही काम होतं का?"

"नाय. काम कायच नाय."

मी सविताला फोन करून सांगितलं, तू जेवून घे. आणि बसलो.