भाजल्यावरचं पाणी

आमचे शेजारी किसनतात्या रस्त्यात भेटले, की "जेवलास का?" असं कधी विचारत नसत. थेट विचारत, "उकळतं दूध हातावर सांडलं. काय करशील?"

खर्ड्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी डोक्यावर वळकटी असतानाच हा प्रश्न माझ्यावर येऊन आदळला. मी म्हणालो, "अहो, दूधच नाही माझ्याकडे."

"नापास," तात्या म्हणाले आणि चालू लागले.

पारावरची मंडळी त्यांना मुद्दाम वेडीवाकडी उत्तरं देत. एक म्हणे, "बोंब मारीन." दुसरा म्हणे, "सासऱ्याला पत्र टाकीन, तुमची पोरगी सांडलवंड करते म्हणून." तात्यांना हसू येत नसे. सगळे हसून दमले की ते शांतपणे सांगत, "पानी. थंड पानी, धारेनं, वीस मिनिटं. तूप न्हाई, शाई न्हाई, चुना न्हाई. ध्यानात ठेवा."

तात्या फौजेत आचारी होते. उभी हयात लंगरात, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, गेली होती. तिथं एकदा कढईतलं तेल त्यांच्या डाव्या हातावर उडालं. भोवतालच्यांनी मायेनं तूप चोळलं, त्यावर हळद थापली. हात चिघळला, आणि दोन बोटं कायमची वाकडी झाली. फौजेच्या डॉक्टरानं तेव्हा त्यांना जे काही सुनावलं, ते तात्या पेन्शनीबरोबर गावाला घेऊन आले आणि गावभर वाटत सुटले.

इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावातल्या विहिरी खरवडून कोरड्या झाल्या. मैलभरावरच्या एका विहिरीला तेवढं पाणी होतं, तेही पहाटे रांग लावून मिळायचं. एकट्या माणसाला एक हंडा पुरायला हवा. तात्यांकडे कायम दोन भरलेले असत. एक वापरायचा. दुसरा ओसरीवर, फडकं बांधलेला. त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम. दुसऱ्या दिवशी तो वापरायला घ्यायचा आणि त्याच्या जागी ताजा भरून ठेवायचा.

आमच्या घरमालकीण साळूकाकू हे बघून जळफळत. "घसा कोरडा पडलाय गावाचा, आन् ह्यो बाबा हंड्यावर नागावानी बसलाय!"

"भाजल्यावरचं पानी हाय ते," तात्या म्हणत.

"कोन भाजलंय?"

"अजून न्हाई."

काकू कपाळावर हात मारून घेत.

त्या वर्षी माझं लग्न झालं. सुमती संगमनेरची. तिला या गावाची, या उन्हाची आणि त्या फुरफुरत्या स्टोव्हचीही सवय व्हायची होती. एका रविवारी सकाळी मी वह्या तपासत बसलो होतो. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सुमतीची किंकाळी. सांडशीतून पातेलं निसटलं होतं. उकळती आमटी तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत.

खरं सांगतो: इतक्या वेळा नापास झालेलो मी, मला उत्तर पाठ होतं. तरी मी धावलो तो दौतीकडे. आमच्या आईची रीत, भाजलं की शाई लावायची. एव्हाना साळूकाकू तुपाची वाटी घेऊन पोचल्या होत्या. सुमती हात हवेत धरून उभी होती.

"थांबा!"

दारात तात्या. खांद्यावर हंडा. फडकं दातानंच ओढून काढलं. सुमतीला मोरीपाशी बसवलं, हाताखाली घंगाळ सरकवलं आणि तांब्यानं बारीक धार धरली. मनगटावरचं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर नाचवलं. "मास्तर, ती दौत ठेवा खाली. टाइम बघा. वीस मिनिटं. मधी मला इचारू नका."

मग सुमतीकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, बांगड्या उतरव. आत्ताच. घटकाभरानं हात सुजंल, मग निघायच्या न्हाईत."

साळूकाकू उसळल्या. "नव्या नवरीचा हात रिकामा करता? शोभतं का?"

"दुसरा हात भरलेला हाय की! तुमीच काढा. तुमचा हात हलका हाय."

काकू पुटपुटत खाली बसल्या. पण एकेक बांगडी पाण्याखाली इतक्या अलगद सरकवली, की सुमतीनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. काढलेल्या बांगड्या काकूंनी तिथल्या तिथे तिच्या उजव्या हातात चढवल्या. मग घंगाळात साठलेल्या पाण्याकडे त्यांची नजर गेली. "अख्खा हंडा गेला गं बाई."

"कुटं गेला? तुमच्या शेळीला घाला नेऊन."

दहाव्या मिनिटाला सुमतीचा श्वास सावकाश झाला. वीस झाल्यावर ती म्हणाली, "आग बरीच कमी झाली." मी तेव्हा कुठं दौत खाली ठेवली.

तात्यांनी घरातलं एक धुवट मऊ धोतर मागितलं आणि त्याची पट्टी हातावर सैलसर पांघरली. मनगटाशी टपोरा फोड आला होता. काकूंचं बोट तिकडं वळताच ते गरजले, "फोडायचा न्हाई! ती देवानं बांधलेली पट्टी हाय. आता एष्टीनं जामखेडला, डॉक्टरकडं."

डॉक्टरांनी हात उलटसुलट बघून विचारलं, "पाणी ओतायचं कुणाला सुचलं?" मी सांगितलं, शेजाऱ्यांना. "मग त्यांचे पाय धरा. तूपबिप चोळलं असतं, तर महिनाभर इथं खेटे घालावे लागले असते." एष्टीत परत येताना सुमती माझ्या खांद्यावर डोकं टेकून चक्क झोपली. मी वाटभर तिच्या पट्टीकडे बघत होतो आणि उगाच हसत होतो.

पुढं रोज सकाळी तात्या हात बघायला येऊ लागले. उंबऱ्याबाहेर उभं राहून लांबूनच बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. खपली पडली, खाली गुलाबी कातडी आली, त्या दिवशी सुमतीनं त्यांना जेवायला थांबवलं. पाट मांडला, समोर ताट ठेवलं. तात्या पाटाकडे बघतच राहिले.

"बसा की."

"लंगरात आचारी शेवटी जेवतो, पोरी. उभ्यानं, डेगीपाशी. घरी आल्यावर बी तसंच चाललंय."

ते बसले. सुमतीनं तव्यावरची भाकरी ताटात वाढली. आधी नुसताच त्यांनी भाकरीवर हात ठेवला. मग सावकाश जेवले. हात धुऊन दारापाशी गेले आणि तिथंच घोटाळले.

"उद्या बी हात बघायला यावं लागंल," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "कातडी अजून कवळी हाय."

हात पुरता बरा झाला होता. सकाळीच सुमतीनं त्या हातानं कळशी उचलून आणलेली मी पाहिली होती. माझी बायको खोटं बोलत नाही. पण तिनं हळूच तो हात पदराखाली घेतला.

"हो ना, अजून जरा ठणकतोच," ती म्हणाली. "रोज याच वेळेला येत जा, तात्या. भाकऱ्या गरम असतात."