पहिलं पाऊल सुमनचं

आमच्या मालाडच्या ऑफिसात नवीन ॲप सुरू करायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. हसू नका. सर्व्हरच्या कपाटावर नारळ आणि पानसुपारी ठेवून, हात जोडून, खणखणीत आवाजात!

"बा देवा म्हाराजा! आज ह्या नव्या ॲपाचो दरवाजो उघडतंव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडतो. घाटकोपरचा मेहुल सगळ्यांत मोठ्याने.

"जो खरो आसा तेका भुतूर घे, जो खोटो आसा तेका भायरच्या भायर वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोणाक पासवर्ड इसराची बुद्धी झालीच, तर ती सोमवारी सकाळी होवक देव नको रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं घालणारे हे अंकुश परब. पन्नाशी उलटलेली, अंगात हाफ शर्ट, कपाळावर चष्मा. आमच्या सगळ्या ॲप्सची दारं त्यांच्या हातात. म्हणजे असं बघा, पूर्वी आमच्याकडे प्रत्येक ॲपला वेगळं लॉगिन होतं. लोक पासवर्ड विसरायचे, चिठ्ठ्या चिकटवायचे, नुसता धिंगाणा. परबांनी ते सगळं मोडून क्लाउडवर एकच ओळख उभी केली. एकदा ओळख पटवा, मोबाइलवर आलेला कोड टाका, की तुमच्या हक्काची सगळी दारं उघडी. बिनहक्काचं मात्र एकही नाही.

मी रुजू झाले त्या दिवशी म्हणाले, "गो बाय, दोनच प्रश्न ध्यानात ठेव. तू कोण? आणि तुला कुठे जायचंय? पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. वॉचमन तुला ओळखतो, म्हणून शेजाऱ्याचा फ्लॅट उघडून देईल काय?"

मी कॉलेजात हा विषय पूर्ण एक सत्र शिकले होते. शप्पथ सांगते, कळला त्या दिवशी.

त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. आमचे मालक एकदा गोव्याला गेले आणि तिथे त्यांनी फोन पाण्यात घालवला. नवा फोन, नवा नंबर, झालं, कोड येईना. त्यांनी परबांना फोन लावला. "अहो परब, माझा नंबर बदला पटकन."

"साहेब, नंबर बदलायचा तर माणूस समोर उभा हवा. नियम आहे."

"अहो, माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?"

"ओळखतो ना. पण आवाज काय, आमचा मेहुलसुद्धा झकास काढतो तुमचा."

मेहुल टेबलाखाली गेला. मालक दुसऱ्या दिवशी डोक्यावरच्या फुलाफुलांच्या टोपीसकट ऑफिसात हजर! परबांनी मिनिटभरात नंबर बदलला आणि स्वतः चहा आणून दिला.

आम्हा कोड लिहिणाऱ्यांवरही त्यांचा पहारा. आमच्या टूल्समध्ये त्यांनी असं काही बसवलंय, की चुकून कोडमध्ये पासवर्ड लिहिलात तर जतन करतानाच ते बोंब मारतं. मग परब पाठीमागे येऊन उभे. "चावी पायपुसण्याखाली ठेवलीस काय गो?" दंड म्हणून सगळ्यांना गुळात घोळलेलं मालवणी खाजं. मी एवढं खाजं आणलंय की दुकानदार आता माझी चौकशी करतो.

तर सांगायचं ते हे. गाऱ्हाणं झालं की परब आम्हाला लांब पिटाळतात. खणातून एक जुना, बटणांचा फोन काढतात, त्यावर कोड मागवतात आणि नव्या दारातून पहिला प्रवेश स्वतः, आमच्याकडे पाठ फिरवून, एकटेच करून बघतात. त्याआधी कोणीही आत जायचं नाही. आम्ही म्हणायचो, असेल काहीतरी कोकणी रीत.

गेल्या महिन्यात एका हॉस्पिटलचं ॲप सुरू व्हायचं होतं. पेशंटांना घरबसल्या रिपोर्ट दिसणार होते. हॉस्पिटलची माणसं समोर खुर्च्या टाकून बसलेली. गाऱ्हाणं झालं, परबांनी खण उघडला, आणि फोन चालू होईना. बॅटरी फुगून पाठ वर आली होती.

"दुसऱ्या कोणाच्या नावाने टेस्ट करा ना," मेहुल म्हणाला.

"नाही."

"मग नंबर बदला," मी म्हटलं. "ॲडमिन तर तुम्हीच आहात. मिनिटाचं काम."

परबांनी तो फोन मुठीत घट्ट धरला. त्या माणसाला मी कधी इतकं हरलेलं पाहिलं नव्हतं.

"माणूस समोर हवा गो," ते हळूच म्हणाले. "ती कुठून येणार?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. नावाच्या रकान्यात होतं, सुमन परब.

"आमची मंडळी," ते म्हणाले. "बोरिवलीत घर घेतलं तेव्हा ठरलं होतं, पहिलं पाऊल तिचं. ताबा मिळायच्या आधीच गेली. चावी घेऊन दारात उभा राहिलो. आत कोण जाणार आधी? शेवटी मीच गेलो. ते काय बरोबर झालं नाही. म्हणून मग मी उघडतो त्या प्रत्येक दारातून..."

म्हणजे आमच्या प्रत्येक ॲपमध्ये आमच्याआधी सुमनताई जाऊन आल्या होत्या. आणि हा माणूस त्यांचा नंबर चालू राहावा म्हणून रिचार्ज मारत होता. एका क्लिकने सगळं जमलं असतं, पण मालकांना लावलेला नियम बायकोसाठीही मोडत नव्हता.

"परबसाहेब, फोन गेलाय. सिम कुठे गेलंय?" मी म्हटलं.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला, सिम काढलं, खाचेवरून नखाने त्याची कड मोडून लहान केलं आणि माझ्या मोबाइलमध्ये घातलं. मेहुलने हॉस्पिटलच्या लोकांना चहाच्या नावाखाली बाहेर नेलं. परबांनी कोड मागवायचं बटण दाबलं. आम्ही दोघं माझ्या फोनकडे टक लावून बसलो. एकदाचा तो थरथरला.

मी कोड वाचला, त्यांनी टाइप केला. स्क्रीन उघडली. वर लिहिलं होतं, 'नमस्कार, सुमन.'

"इलंस?" परब म्हणाले. "ये, भुतूर ये."

"व्हय म्हाराजा," माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा कपाळावर चढवला आणि दाराकडे वळून हाक मारली, "मेहुल, बोलव रे त्यांना! आता कोणीही येऊ दे."