पोस्ट सिबुम

राष्ट्राचं ब्रीदवाक्य जनतेला कळता कामा नये, हे राज्यकारभाराचं मूलभूत तत्त्व आहे. आपल्या भाषेत 'न्याय' लिहिला की लोक तो मागायला येतात (तेही ऑफिसच्या वेळेत). लॅटिनचं तसं नाही. ती बोलणारे सगळे कधीच वारल्यामुळे तक्रारी येत नाहीत.

म्हणून आमच्या नव्या राजचिन्हासाठी समिती बसली. लॅटिन कुणालाच येत नव्हती, त्यामुळे मतभेद झाले नाहीत. एक गरुड, एक किल्ली आणि (मत्स्य खातं रुसलं म्हणून) एक मासा ठरला. ब्रीद तेवढं अडलं. शेवटी ते अध्यक्षांच्याच खिशात सापडलं, पित्ताच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या अक्षरात: 'पोस्ट सिबुम'. काय तो भारदस्तपणा! एकमताने मंजूर.

आमच्या आत्याचं औषधांचं दुकान आहे. ती परवाना नवा करायला गेली, मीही सोबत होते. कारकुनाने कोरा करकरीत परवाना पुढे सरकवला. वर गरुड, त्याच्या पायांत ब्रीद. आत्या हसली. साधंसुधं नाही, टेबलाला धरून.

"काय झालं, ताई?" कारकून म्हणाला.

"अहो, याचा अर्थ 'जेवणानंतर'."

कारकुनाने परवाना मागे ओढला आणि साहेबांना बोलावलं.

साहेब फार सभ्य. म्हणाले, चिन्ह नाण्यांवर, तोफांवर, पोलिसांच्या टोप्यांवर चढलंय. आता शब्द बदलायला खर्च येतो, अर्थ बदलायला येत नाही. तेव्हा 'पराक्रमानंतर शांती' असा अर्थ आपण जाणकार म्हणून सहीनिशी द्यावा. नाहीतर दुकानाला कुलूप.

"आत्या, नको ना करूस सही," मी पुटपुटले.

"मग घर कोण चालवणार, तो मासा?" म्हणत तिने सही ठोकली.

आता एका देशात एका शब्दाचे दोन अर्थ कसे चालतील? त्यामुळे आत्या गिऱ्हाइकांना कायदेशीर अर्थच सांगते. "ही गोळी सकाळ-संध्याकाळ, पराक्रमानंतर." लोक मान डोलावतात, निघतात. एका आजोबांनीच तेवढं विचारलं, "एखाद्या दिवशी पराक्रम नाही जमला तर?"

"दुधाबरोबर घ्या, आजोबा."

बाकी शंभरातल्या नव्व्याण्णवांना शंका नाही.

हसताय? हसा की. तुमच्या शाळेच्या गणवेशाच्या खिशावर एक ओळ होती, दहा वर्षं छातीवर मिरवलीत. म्हणून दाखवा. वा, तोंडपाठ. आता अर्थ?

राहू दे. दुकानात या. आत्या लावून देईल एखादा, सहीनिशी.